समोरच्या घरातली फोडणी

माझ्या धाकट्या जावेच्या मुलीचे केस फार सुंदर होते, आणि दोन वर्षं ते मला बघवत नव्हते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी मला उगाच भली बाई समजायला नको.

रोज सकाळी जाऊ अंगणातल्या धुण्याच्या दगडावर बसायची, लेकीला पुढ्यात घ्यायची आणि तिच्या केसांना तेल लावायची. मग दोन वेण्या, आणि वेण्यांना लाल रिबिनी. आमची घरं समोरासमोर आहेत. भाऊ वेगळे झाले तेव्हा चुली वेगळ्या झाल्या, अंगण मात्र एकच राहिलं. त्यामुळे शिलाई मशीनवरून मान वर केली की मला त्या वेण्या दिसायच्या. मी गावातल्या बायकांचे ब्लाउज शिवते, पोरींचे फ्रॉक शिवते. पण त्या दोन वर्षांत मन लावून काही शिवलं असेल तर टोप्या. सुती, मऊ, शिवण बाहेरच्या अंगाला घेतलेल्या, म्हणजे माझ्या लेकीच्या उघड्या डोक्याला टोचायला नको.

लेक आणि पुतणी दोघी लॉकडाऊनच्या वर्षातल्या, थोड्या महिन्यांच्या अंतरानं जन्मलेल्या. नवरा सैन्यात, तिकडे सरहद्दीवर. दीर घरचा ऊस बघतो, हंगामात कारखान्याला ट्रॅक्टर लावतो. आत्याबाई, म्हणजे आमच्या सासूबाई, धाकट्याच्या घरात राहतात. जेवण तिकडे, आणि जेवण कसं बिघडलं होतं ते सांगायला माझ्याकडे. गाव इस्लामपुरापासून फार लांब नाही. भोवती ऊसच ऊस, पैशाला बरं, आणि शहाणपणाचं कुणी कुणाचं ऐकत नाही असं.

लेक चार वर्षांची असताना तिच्या पायांवर निळे डाग यायला लागले. पडली असेल, आपटली असेल, असं म्हणत आम्ही दिवस काढले. मग ताप उतरेना. इस्लामपुरातल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि कागद हातात न देता मिरजेला फोन लावला, तेव्हाच मला कळलं की हे साधं नाही. रक्ताचा कॅन्सर. मिरजेच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बरा होणारा आहे, पण वेळ लागेल, धीर धरा. मी धीर धरला. धीर धरणाऱ्या बाईच्या पोटात काय काय चालतं ते कुणी विचारत नाही.

माझ्या पोटात हेवा चालायचा. दुसरा शब्द मी वापरणार नाही. पुतणी धुळीत लोळायची, चिंचा खायची, पाटाच्या पाण्यात उतरायची, नाक फुरफुरवत घरी यायची आणि भाकरीवर तुटून पडायची. माझ्या लेकीला उकळलेलं पाणी, सोललेलं फळ, आणि खिडकीच्या आतून बघायची परवानगी. तिच्या वाटणीचं सगळं त्या समोरच्या पोरीला मिळतंय असं मला वाटायचं. खरं नव्हतं ते. पण जळणाऱ्याला खऱ्याखोट्याशी काय करायचं असतं?

आता लसीचं. माझ्या लेकीला मी सगळ्या लशी वेळच्या वेळी दिल्या होत्या. लॉकडाऊनमध्ये उपकेंद्र मध्येच बंद, मध्येच चालू असायचं. मी आशाताईच्या मागे लागून लागून तारखा काढल्या, तोंडाला फडकं बांधून पोरीला काखेत मारून गेले. गोवराची लस दिली, पुढचीही दिली. जावेनं पुतणीला पहिली सुई तेवढी टोचून आणली. पोरीला ताप आला, मांडीला गाठ आली, ती रात्रभर रडली. आत्याबाई म्हणाल्या, "कशाला त्या लेकराचे हाल? आमी काय सुया टोचून मोठी झालो व्हय?" मग लॉकडाऊन वाढला, आणि न जाण्याला सोय झाली. लॉकडाऊन उठला तेव्हा सोयीची सवय झाली होती. त्यातच जावेच्या मोबाइलवर कुणीतरी काय काय पाठवायचं, सुईनं असं होतं आणि तसं होतं. पुतणी खणखणीत वाढत होती, हा तर सगळ्यात मोठा पुरावा. "आमच्या पोरीला शिंक बी येत न्हाई," असं जाऊ म्हणायची. माझ्या पोरीच्या देखत म्हणायची.

कॅन्सरच्या औषधांनी केस गेले ते दिसत होतं. आणखी काय गेलं ते मला मिरजेत कळलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधी दिलेल्या लशींची ताकद या औषधांनी बहुतेक पुसली गेली असं धरून चालायचं. उपचार संपेपर्यंत गोवराची लस परत देता येणार नाही, कारण ती जिवंत पण अशक्त केलेल्या विषाणूची असते, आणि हिच्या अंगात तेवढ्याशीही लढायचं बळ नाही.

मी म्हटलं, मग हिला गोवर झाला तर?

"होऊ द्यायचा नाही," त्या म्हणाल्या. "घरातल्या, शेजारच्या, गावातल्या सगळ्या मुलांना लस दिलेली असली की गोवराला हिच्यापर्यंत यायला वाटच उरत नाही. तुमच्या घरातल्या सगळ्या मुलांची झाली आहे ना?"

मी पिशवीतले कागद आवरायला लागले. दिराच्या घरची चूक परक्या माणसापुढे उघडी कशी करायची, असली फालतू लाज तेव्हाही मला होती.

येताना एसटीत मी त्याच गोष्टीवर विचार करत होते. आमच्याकडे ऊस तुटला की लोक पाचट, म्हणजे मागं राहिलेला वाळका पाला, पेटवतात. वारं फिरलं की आग बांधावरून पलीकडच्या उभ्या उसात जाते. मध्ये कुणाचं पाणी पाजलेलं हिरवं रान असेल तर तिथं ती विझते. माझ्या लेकीचं रान वाळलेलं होतं, आणि ते वाचणार की नाही हे शेजाऱ्यांनी पाणी पाजलंय का यावर होतं. मी सगळं वेळेवर केलं, आणि माझी पोर कोरी. जावेनं काहीच केलं नाही, आणि तिची पोर धडधाकट. वर माझ्या पोरीचा जीव तिच्या पोरीच्या दंडावर अवलंबून. यात कुणाला न्याय दिसत असेल तर त्यानं मला दाखवावा.

त्या दिवसापासून मला एक वाईट खोड लागली. मी पोरांचे दंड बघायला लागले. गोवराच्या लसीचा वण राहत नाही, त्यामुळे बघून काही कळत नाही, तरी बघायचे. मापं द्यायला आलेल्या बायकांच्या कडेवरच्या पोरांना विचारायचे, सुई टोचली का रं तुला? बायका हसायच्या. मागं मला म्हणत असतील, हिचं डोकं फिरलंय. फिरलं होतंच. ज्यांना ती सुई फुकट मिळत होती, दारात येऊन मिळत होती, आणि ज्या नको म्हणत होत्या, त्या बायकांचा मला इतका राग यायचा की हातातली कात्री खाली ठेवावी लागायची.

उपचारांच्या दुसऱ्या वर्षी, उन्हाळ्याच्या तोंडाला गोवराची बातमी आली. आधी म्हणे शहराकडं, मग जवळच्याच एका गावात. उपकेंद्राच्या सिस्टर आणि आशाताई घरोघर फिरायला लागल्या. त्या आमच्या आळीत शिरल्या की जाऊ मागच्या दारानं पुतणीला घेऊन रानात जायची. एकदा मी तिला पाटावर गाठलं.

"अगं, कुठं पळतीस?" मी म्हटलं. "दोन मिनटाचं काम हाय. दे की टोचून."

"आक्का, पोर माझी हाय," ती म्हणाली.

"पोर तुझी हाय, पन मरंल माझी."

हे मी बोलायला नको होतं असं आत्याबाईंचं मत. मला अजूनही वाटतं, बोलायलाच हवं होतं, जरा आधी. जावेचं तोंड पडलं, मग लाल झालं. "दोन वर्सं झाली," ती म्हणाली. "घरात एकच पोर हाय असं सगळी वागत्यात. पावनं आलं तर फळं तुमच्या दारात. सरहद्दीवरनं दादांचा फोन आला तर चौकशी तुमच्या पोरीची. माझी शिंकली तर तुमी दार लावून घेता. माझ्या पोरीनं काय पाप केलंय?"

म्हणजे तिच्याही पोटात दुखत होतं. माझ्या आजारी पोरीवर जळणारी बाई जगात असू शकते हे मला खरंच सुचलं नव्हतं. मला तिची कीव यायला हवी होती. आली नाही. मला वाटलं, घे, आपण अदलाबदल करू, फळं तुला आणि वेण्या मला.

तरी चैत्रात गावची यात्रा आली आणि पुतणीच्या फ्रॉकचं काम माझ्याकडेच आलं. जाऊ स्वतः आली नाही, पोरीला कापड देऊन पाठवलं. अबोली रंगाचं, चमक असलेलं. पुतणीला जरा सर्दी होती, डोळे ओले होते. यात्रेच्या धुळीचा त्रास, असं मला वाटलं. मी तिला पुढ्यात उभी करून मापं घेतली. छाती मागच्या वेळेपेक्षा वाढली होती, उंची वाढली होती. नंतर त्याच फितीनं मी लेकीचंही माप घेतलं, कारण तिलाही यात्रेचा फ्रॉक हवा होता, घरातल्या घरात घालायला का होईना. तिची छाती होती तिथंच होती. मी फीत जरा सैल धरली आणि माप वाढवून घेतलं. कुणाला फसवत होते कुणास ठाऊक.

दोघी मशीनखाली बसून चिंध्या वेचत होत्या, बाहुलीला लुगडं नेसवत होत्या. पुतणी मध्येच खोकली. लेक म्हणाली, "हिच्या डोक्याला टोपी घालू या, माझ्यासारखी." दोघी हसल्या. मी त्यांना उठवलं नाही. कितीतरी दिवसांनी माझी पोर मोठ्यानं हसत होती.

त्यानंतर समोरचं दार बंद झालं. पुतणी अंगणात दिसेना. सकाळी दगडावर वेणीफणी होईना. आत्याबाई माझ्याकडे यायच्या बंद झाल्या. मला वाटलं, पाटावरच्या भांडणाचा रुसवा अजून उतरला नाही. बरंच झालं म्हटलं, वेण्या बघायच्या टळल्या.

फ्रॉक शिवून तयार झाला. संध्याकाळी मी त्याला हुक लावत बसले होते, आणि काहीतरी चुकतंय असं वाटायला लागलं. काय ते कळेना. अंगण तेच, पाखरं तीच, लांबवर ट्रॅक्टर चालला होता. मग ध्यानात आलं. समोरून फोडणीचा आवाज येत नव्हता. वासही नाही. जावेच्या हातची फोडणी म्हणजे साऱ्या आळीला ठसका. लसूण करपायच्या बेतात आणणार, मोहरी तडतडून शेजाऱ्याला सांगणार की आमच्यात आमटी झाली. कालही तो आवाज आला नव्हता. परवाही नाही. आणि समोरच्या चौकटीला कडुलिंबाचा डहाळा लावलेला होता. तो मी पाहिला होता, पण यात्रेच्या दिवसांत कुणी काहीही लावतं म्हणून सोडून दिला होता.

आमच्याकडे गोवर आला की देवी घरात आली असं मानतात. तिचं नाव घेत नाहीत, कुणाला सांगत नाहीत. घरात फोडणी देत नाहीत, तळण नाही, मटण नाही, बायका केस विंचरत नाहीत. तेल तडतडलं तर देवीला झळ लागते, म्हणे. पोरापाशी कडुलिंब ठेवायचा, दहीभात करायचा, आणि ती आपल्या पावलांनी जाईपर्यंत गप्प बसायचं. माझ्या लहानपणी आमच्याही घरात हे झालं होतं, आणि बिनफोडणीची आमटी मी तोंड वाकडं करून खाल्ली होती.

हातातला फ्रॉक तसाच टाकून मी अंगणात गेले. दार वाजवलं नाही, अंगणाच्या मध्यातूनच हाक मारली. जाऊ खिडकीत आली. केस विंचरलेले नव्हते.

"पोरीला काय झालंय?"

"काय न्हाई. ताप हाय जरा."

"तुझ्या घरात फोडणी न्हाई. परवापासनं न्हाई. मला कळत न्हाई व्हय? कवा उठलं अंगावर?"

तिनं मागं वळून बघितलं. आतून आत्याबाईंचा आवाज आला, "हळू बोल, आई घरात हाय, कोप करंल." देवीला त्या आई म्हणत होत्या.

"आत्याबाई, कोप झाला तर माझ्या पोरीवर हुईल," मी म्हटलं. "तुमची देवी तुमाला लखलाभ. पोरीच्या अंगावर पुरळ उठायच्या आधीपासनं, नुसती सर्दी असल्यापासनं, गोवर पसरतोय. माझ्या मशीनखाली बसून ही पोर खोकत होती."

जाऊ म्हणाली, "दार लावून घेतलं होतं की, आक्का. उठलं तसं लगेच लावलं. तुमच्याकडं यायला नको म्हणून." आणि ती रडायला लागली.

वरातीमागून घोडं. तिनं दार लावलं होतं हे खरं. न सांगता, मनापासून लावलं होतं. फक्त जे बाहेर जायचं ते आधीच गेलं होतं.

मी मिरजेला फोन लावला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ताबडतोब घेऊन या, वेळ अजून गेलेली नाही, पण घालवू नका. आळीतल्या एकाची गाडी मिळाली. लेकीला कुशीत घेऊन मी मागं बसले. तिच्या डोक्यावरची टोपी मी सारखी नीट करत होते, जशी काही ती टोपीच तिला वाचवणार होती.

मिरजेत तिला वेगळ्या खोलीत ठेवलं आणि सलाईनसारखी एक बाटली लावली. गोवराशी लढणारी तयार ताकद, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, रक्तदान केलेल्या लोकांच्या रक्तातून काढलेली. ज्यांनी लस घेतलीय, ज्यांना कधीतरी गोवर होऊन गेलाय, अशा किती जणांची कुणास ठाऊक. मी त्या बाटलीकडे बघत बसले. माझ्या जावेनं जे तिच्या पोरीला द्यायचं नाकारलं होतं, ते कुठल्या कुठल्या अनोळखी माणसांनी माझ्या पोरीसाठी दिलं होतं. त्यांचं तोंड मी कधी बघणार नाही. त्यांच्यावर जळायलाही मला काही कारण नव्हतं.

आता नुसतं थांबायचं होतं. ताप येतो का, डोळे लाल होतात का, कानामागं पुरळ उठतं का. मी दिवसातून कितीदा तिचे कान दुमडून बघितले असतील. लेक वैतागायची. "आई, माझ्या कानात काय बी न्हाई," म्हणायची.

तेवढ्यात दिराचा फोन आला. पुतणीचा खोकला छातीत उतरला होता, तिला न्युमोनिया झाला होता. श्वास घेताना बरगड्या आत जात होत्या. त्यांनीही तिला मिरजेतच आणलं होतं, पलीकडच्या रस्त्यावरच्या दवाखान्यात.

तेव्हा मला काय वाटलं ते सांगते. आधी वाटलं, बरं झालं. एवढंसं, पण वाटलं. मग त्या बरगड्या डोळ्यांपुढे आल्या, ज्यांचं माप मी नुकतंच घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी नणंद येऊन लेकीपाशी बसली, आणि मी खाली चहाच्या गाडीवर गेले. जाऊ तिथंच उभी होती. कपात चहा, पण पीत नव्हती. केस तसेच, न विंचरलेले. मिरजेत पन्नास दवाखाने आणि शंभर चहाच्या गाड्या असतील, पण देवाला आम्हाला एकाच गाडीवर उभं करायचं होतं. मी तोंड फिरवलं नाही. भांडायचा दमही नव्हता.

"कशी हाय?" मी विचारलं.

"नळी लावलीया नाकात. जरा बरं हाय म्हणत्यात. डोळ्यास्नी जपायचं म्हणून कसलं जीवनसत्त्व पाजलं. तुमची?"

"अजून काय न्हाई. बघायचं."

मी माझा चहा सांगितला. मग ती म्हणाली, "आक्का, तुमचं बरं हाय."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. माझं बरं आहे असं मला दोन वर्षांत कुणी म्हणालं नव्हतं.

"तुमाला चिडाय मी तरी हाय," ती म्हणाली. "शिव्या देता, मन मोकळं हुतं. मी कुणावर चिडू? डॉक्टर इचारत्यात, लस का न्हाई दिली? काय सांगू? माझ्याच हातानं केलंय मी."

ती माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होती ती नजर मी ओळखली. आरशात बघून माहीत होती. ती माझा हेवा करत होती. जिची पोर खिडकीच्या आत वाढली, जिच्या पोरीला केस नव्हते, अशा माझा. आणि तिचं बरोबर होतं, हे मला तिथं उभ्या उभ्या पटलं. मी तिला म्हटलं, चहा पी, गार होतोय.

माझ्या लेकीला गोवर झाला नाही. बाटलीनं हात दिला, की नशिबानं, की दोन्हीनं, डॉक्टरीणबाईंनाही नक्की सांगता आलं नाही. पुतणीही वाचली. दवाखान्यातून सुटताना तिच्या डॉक्टरांनी जावेला सांगितलं की आता हिला बहुधा जन्मभर गोवर होणार नाही, बाकीच्या लशी मात्र घ्या. जावेनं हे मला घरी आल्यावर सांगितलं, अगदी साधेपणानं. आणि माझ्या पोटात परत पेटलं. म्हणजे आता तिच्या पोरीला तेही मिळालं. मरता मरता का होईना, मिळालं. माझ्या लेकीच्या अंगातली उसनी ताकद काही महिन्यांत ओसरणार होती, उपचार अजून संपायचे होते, आणि त्या बाटलीमुळे उपचारांनंतरही लसीसाठी थांबावं लागणार होतं. वाळलेलं रान वाळलेलंच. शेजारणीचं मात्र आता कायमचं ओलं.

हेवा असा आहे. एका दारातून घालवला की दुसऱ्या दारानं घरात येतो, आणि देवीसारखं त्याला कुणी नैवेद्य दाखवून वाटेलाही लावत नाही.

यात्रा होऊन गेली. अबोली फ्रॉक मी हुक लावून दिला, पण पुतणीनं तो घातला तेव्हा तिच्या अंगात तो ढगळ झाला होता. पावसाळ्यात तिचे केस गळायला लागले, मुठी मुठीनं. मोठ्या तापानंतर गळतात, येतील परत, असं डॉक्टर म्हणाले. एक दिवस जाऊ लाल रिबिनी घेऊन माझ्या दारात आली. "तुमच्याकडं ठेवा," म्हणाली. "तुमच्या पोरीला येत्याल तवा बांधा." लेकीच्या डोक्यावर तेव्हा बोटाच्या पेराएवढी मऊ लव उगवली होती. मी रिबिनी घेतल्या. नको म्हणण्याइतकी मी मोठी झाले नव्हते.

जावेनं पुतणीला उपकेंद्रात नेऊन राहिलेल्या सुया द्यायला सुरुवात केली. आता आळीत सिस्टर आल्या की ती मागच्या दारानं जात नाही. गावातल्या आणखी काही पोरांना डोस मिळाले, काहींना अजून नाही. एक दोघी अजून पोर घेऊन रानात जातात. मी अजूनही दंड बघते.

आणि संध्याकाळी कान देऊन बसते. मशीन थांबवते आणि समोरून आवाज येतो का ऐकते. आधी तेल तापल्याचा वास, मग मोहरी, मग लसणाचा ठसका. तो आला की मशीन परत चालू. मी हे करते असं मी कुणाला सांगितलेलं नाही. पण जाऊ बाकी काही असली तरी मूर्ख नाही. त्या दिवशी अंगणात मी काय ओरडले ते तिनं ऐकलं होतं. आम्ही दवाखान्यातून आल्यापासून ती फोडणी देताना स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडते, थंडीतही. आत्याबाई कुरकुरतात, "दार खिडक्या उघड्या टाकून सयपाक करती, सगळं घर गार करती." ती त्यांना काही सांगत नाही.

गेल्या आठवड्यात एका संध्याकाळी वास आला नाही. दिवे लागले, खिडकी उघडली, पण तेलाचा आवाज नाही. माझा पाय मशीनच्या पायडलवर थांबला. लेक आत चित्रं रंगवत बसली होती. मी तिला हाक मारली आणि उगाचच जवळ बसवून घेतलं.

तेवढ्यात पुतणी त्यांच्या दारातून निघाली. अंगणाच्या मध्यापर्यंत आली आणि तिथंच थांबली, पुढं आली नाही. तसं तिला शिकवून पाठवलेलं दिसत होतं. तिचे केस कापून कानापर्यंत केले होते आणि आता परत दाट व्हायला लागले होते. तिनं दोन्ही हात मागं बांधले आणि पाठ केल्यासारखं सांगितलं.

"मोठ्या आई, आमचा गॅस संपलाय. म्हणून आज फोडणी न्हाई. आईनं सांगितलंय, दुसरं काय न्हाई."

मी समोर बघितलं. उघड्या खिडकीत जाऊ उभी होती, माझ्याकडे बघत. मी मान हलवली, तेव्हा कुठं ती आत गेली.